आयटीत जायचंय? आधी गावातल्या एका दुकानाची वही सांभाळा

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेलो की ओट्यावर कोणीतरी गाठतोच. भाऊ, आयटीत जायचंय, कोणता कोर्स करू? गेल्या आखाजीला तर तिघं एकदम आले, एक डिप्लोमावाला, एक बीसीएच्या शेवटच्या वर्षाची पोरगी, आणि एक आर्ट्सवाला जो एमएससीआयटीचं सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आला होता. तिघांना सांगता सांगता घरात खापरावरची पोळी गार झाली, आईच्या शिव्या खाल्ल्या, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू.

माझं थोडक्यात सांगतो. चोपडा तालुक्यातलं गाव, घरी कापूस आणि विहिरीला पाणी टिकेल त्या साली केळी, शिक्षण बीएस्सी कॉम्प्युटर, तेही मॅथ्सला एकदा केटी लागून. आता पुण्यात बॅकएंडचं काम करतो, म्हणजे तुम्ही ॲपवर बटण दाबल्यावर मागे जो हिशोब होतो तो लिहिणाऱ्यांपैकी एक. घरात याआधी कोणी या लाइनीत नव्हतं. त्यामुळे हे सगळं माझ्यासारख्या साध्या पोरापोरींसाठी आहे, जे फार हुशार आहेत ते त्यांचं बघतील.

तर कोर्स कोणता हा प्रश्न मला दुसऱ्या नंबरचा वाटतो. पहिला प्रश्न असा की तुमच्या गावात नाहीतर तालुक्याच्या बाजारात असा कोण माणूस आहे ज्याचं रोजचं एखादं किचकट काम तुम्ही कॉम्प्युटरवर करून देऊ शकता, आणि जो तुम्ही चुकलात तर तोंडावर बोलेल. दूध डेअरीवाला चालेल, पिठाची गिरणी चालेल, केळीच्या गाड्या भरणारा चालेल, शिकवणीवाल्या सरांची फी-नोंद चालेल. मोठं काही नको. फक्त तो माणूस खरा पाहिजे आणि त्याने ते रोज वापरलं पाहिजे.

माझ्यासाठी तो माणूस म्हणजे मामा. मामाचं कृषी केंद्र आहे, बियाणं, खत, फवारणीची औषधं. हा धंदा आपल्याकडे कसा चालतो ते माहितीच आहे, जूनमध्ये माल उधारीवर जातो आणि कापूस विकला की पैसे येतात, कधी दिवाळीनंतर, कधी सरळ पुढच्या मृगाला. मामाकडे एक रोजमेळ म्हणजे रोजच्या जमा-खर्चाची वही, दोन जाड खातेवह्या, आणि कोणीतरी करून दिलेली एक एक्सेलची फाइल. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो मामा तुम्हाला सॉफ्टवेअर बनवून देतो. आठ दिवसांत होईल असं सांगितलं होतं. पुढची दोन वर्षं तेच चालू होतं.

पहिल्याच दिवशी काय झालं, त्या एक्सेलमधली सगळी नावं श्रीलिपीत टाइप केलेली. दुकानातल्या कॉम्प्युटरवर बरोबर दिसायची, माझ्याकडे आणली की नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. तेव्हा मला कळलं की जुने मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर मराठीचं चित्र चिकटवलेलं असतं, फॉन्ट काढला की मराठी गेली, आणि युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेला स्वतःचा नंबर असतो म्हणून ते कुठेही मराठीच राहतं. बसलो आणि कोणत्या चिन्हाचं कोणतं अक्षर याचा तक्ता बनवला, मग पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत बदलायचा प्रोग्राम. वेलांटीने सगळ्यात जास्त रडवलं कारण ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी आणि युनिकोडमध्ये लिहायची असते नंतर. कोणत्याच क्लासमध्ये हे कोणी शिकवलं नसतं.

मग पावती छापताना रकाने वाकडे यायला लागले. कारण शोधायला चार दिवस गेले. पायथनला धुळे या शब्दाची लांबी विचारून बघा, तो ४ सांगेल, आपल्याला तर दोनच अक्षरं दिसतात. तो ध, उकार, ळ आणि मात्रा असे चार मोजतो. नंदुरबारचे ८ होतात. मी आपला लांबी मोजून पुढे रिकाम्या जागा सोडत होतो, त्यामुळे ज्याच्या नावात काना-मात्रा जास्त त्याची रक्कम डावीकडे सरकायची. मामा म्हणाला, तुन्हा कॉम्प्युटरपेक्षा मन्ही वही बरी. मला फार लागलं होतं ते, पण खरं होतं.

पैशांचं तर त्याहून वाईट. कॉम्प्युटरला ०.१ अधिक ०.२ करायला सांगा, पायथन उत्तर देतो ०.३०००००००००००००००४. खोटं वाटत असेल तर आत्ता करून बघा. मशीन आतून दोनच्या हिशोबात मोजतं आणि ०.१ त्यात पूर्ण बसत नाही, जसं आपल्याला एक भागिले तीन दशांशात पूर्ण लिहिता येत नाही. वर्षभराच्या उधारीत हे कण जमा होतात आणि एखाद्याचं खातं शून्य झालं तरी प्रोग्राम म्हणतो बाकी आहे. उपाय सोपा, रुपये ठेवायचेच नाहीत, सगळं पैशांत पूर्णांकात ठेवायचं आणि दाखवताना शंभराने भागायचं.

आणि आता ती गोष्ट जिच्यावर मला नोकरी लागली. चैत्रातली दुपार, मामा एक्सेलमध्ये नोंदी करत होता आणि लाइट गेली. यूपीएस नव्हता. लाइट आल्यावर फाइल उघडेना, काहीच्या काही एरर, आणि मागची प्रत होती तीन आठवड्यांपूर्वीची. मामी दोन दिवस वहीवरून नोंदी सांगत होती आणि मी टाइप करत होतो. त्यानंतर मी एक्सेल सोडून एसक्यूलाइट धरलं. हा डेटाबेस म्हणजे एकच फाइल असते, फुकट आहे, २००० सालापासून आहे आणि तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये आत्तासुद्धा चालू आहे. त्यात मी ट्रान्झॅक्शन शिकलो, खरं तर शिकावंच लागलं. समजा शेतकऱ्याने ५,००० रुपये रोख दिले, तर दोन नोंदी होतात, रोजमेळात ५,००० जमा आणि त्याच्या खात्यातली बाकी ५,००० ने कमी. पहिली नोंद झाली आणि दुसरीच्या आधी लाइट गेली तर? गल्ल्यात पैसे दिसतील आणि शेतकरी मात्र कर्जदारच राहील, भांडणं होतील. ट्रान्झॅक्शनमध्ये दोन्ही नोंदी एकत्र बांधायच्या, होतील तर दोन्ही होतील नाहीतर एकही नाही. मी मुद्दाम मधेच प्लग काढून बघितला, दहा-बारा वेळा. दर वेळी हिशोब जागेवर.

पुण्यात चौथ्या की पाचव्या इंटरव्ह्यूला त्यांनी विचारलं ट्रान्झॅक्शन म्हणजे काय. पुस्तकातली व्याख्या त्या क्षणाला डोक्यातून उडालेली, घाम फुटला, मग मोडक्या इंग्रजीत लाइट गेल्याची आणि प्लग काढून बघितल्याची गोष्ट सांगितली. समोरचे सर खुर्चीत पुढे सरकले आणि पुढची वीस मिनिटं फक्त कृषी केंद्रावरच बोलत होते, समजा दोन माणसं दोन कॉम्प्युटरवरून एकाच खात्यात नोंद करायला लागली तर काय करशील, वगैरे. त्याचं उत्तर मला नीट आलं नाही. तरी घेतलं.

म्हणून म्हणतो कोर्स नंतर. कोर्समधला प्रोजेक्ट सगळ्यांचा सारखाच असतो, लायब्ररी मॅनेजमेंट नाहीतर हॉटेल बुकिंग, तो कधी बिघडत नाही कारण तो कधी कोणी वापरलेलाच नसतो.

आता शिकायचं काय आणि कशात, ते सांगतो. आधी मशीन. नवीन झगझगीत लॅपटॉपसाठी बापाला कर्ज काढायला लावू नका. कंपन्यांतून निघालेले जुने बिझनेस लॅपटॉप मिळतात, मी पहिला असाच घेतला होता, ८ जीबी रॅम आणि एसएसडी एवढं बघून घ्या, बाकी बाहेरून घासलेला असला तरी चालतो. हार्ड डिस्कवाला स्वस्त मिळाला तर एसएसडी नंतर टाकता येते. त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स टाका, त्यातलं उबुंटू चालेल, फुकट आहे आणि पुढे कंपनीत सर्व्हरवर बहुतेक तेच भेटतं. सुरुवातीला कधी वायफाय चालणार नाही, कधी आवाज येणार नाही, तेवढं जमवता जमवताच अर्धं शिकणं होतं.

भाषा एकच धरा. पायथन धरा किंवा जावा धरा. दोन्ही १९९० च्या दशकातल्या आहेत आणि दोन्ही अजून कुठे जात नाहीत. पायथन सुरुवातीला सोपी, जावा बँकांच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या कामात पुण्यात फार दिसते. भांडत बसू नका कोणती भारी, सहा महिने एकीतच काढा. तिच्याबरोबर एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा. मी तर म्हणेन एसक्यूएल भाषेच्या आधी शिकलात तरी चालेल, कारण ते १९७० च्या दशकात आयबीएममध्ये निघालं, कित्येक फॅशनी आल्या आणि गेल्या, हे तसंच आहे. जॉइन म्हणजे दोन याद्या एकमेकींना कशा जोडायच्या ते शेतकऱ्यांची यादी आणि उधारीची यादी हातात धरून शिका, दहा मिनिटांत डोक्यात बसतं.

गिट शिका. लिनक्स बनवणाऱ्या लायनस टॉरव्हाल्ड्सनेच २००५ मध्ये ते लिहिलं. तुमच्या कोडचा रोजमेळच आहे तो, कोणत्या दिवशी काय बदललं, का बदललं, सगळं तारखेसकट, आणि चुकलं की मागे जाता येतं. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर खातं उघडा आणि रोजचं काम तिथे टाका, पण एक लक्षात ठेवा, गिऱ्हाइकाच्या लोकांची खरी नावं, मोबाइल नंबर, उधारीची रक्कम हे तिथे चुकूनसुद्धा टाकायचं नाही. मी टाकलं होतं. दोन दिवस सगळ्या गावाची उधारी जगाला दिसत होती, नशीब कोणी बघितली नाही, नाहीतर मामाने मला गावात येऊ दिलं नसतं. फाइल नुसती डिलीट केली तरी गिटच्या जुन्या नोंदीत ती राहते हेही तेव्हाच कळलं. आता सरावाला खोटी नावं वापरतो.

वेब नंतर घ्या, एचटीएमएल, सीएसएस, मग जावास्क्रिप्ट. इथे मला एक गंमत भेटली ती सांगतोच. मामाचा कीबोर्ड मराठीत, त्यामुळे तो रक्कम टाकायचा १२५० अशी देवनागरीत. पायथनने कधी कुरकुर केली नाही, देवनागरी आकडे त्याला बरोबर समजतात. मग मोबाइलवर चालावं म्हणून वेब पान बनवलं आणि जावास्क्रिप्टला तोच आकडा दिला तर ते म्हणतं नॅन, म्हणजे हा आकडाच नाही. मग प्रत्येक देवनागरी आकडा बदलून देणारं छोटं फंक्शन लिहिलं, दहा ओळींचं. एसएमएसचंही तसंच, इंग्रजीत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं बसतात आणि मराठीत ७०, काना-मात्रा धरून. उधारीची आठवण मराठीत पाठवायची म्हटली की एका मेसेजचे दोन मेसेज आणि बिल दुप्पट. मामा म्हणाला मग नमस्कार काढून टाक. काढला.

फुकट शिकायला जागा भरपूर आहेत. आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल बघा, त्यात बरेच धडे मराठीत आहेत, दहा-दहा मिनिटांचे, एका बाजूला व्हिडिओ आणि एका बाजूला स्वतः करायचं अशी रीत आहे. इंग्रजी थोडं जमायला लागलं की हार्वर्डचा सीएस५० हा कोर्स, आणि एनपीटीईएलवर आयआयटीच्या सरांची लेक्चरं, बघायला पैसे नाहीत, परीक्षा देऊन सर्टिफिकेट पाहिजे असेल तर फी आहे. पण एक सांगून ठेवतो, लेक्चर बघणं म्हणजे शिकणं नव्हे, मी रात्री दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघायचो आणि सकाळी कोरी फाइल उघडली की एक ओळ सुचायची नाही. अर्धा तास बघा, दीड तास हाताने टाइप करा, कॉपी-पेस्ट नको. आणि दहा बोटांनी टाइप करायला शिका राव, एक महिना लागतो, आयुष्यभर पुरतं.

एआयचं विचारतात सगळे. वापरा, मी पण रोज वापरतो. पण आधी स्वतः लिहून, अडकून, मग विचारा, आणि त्याने दिलेली प्रत्येक ओळ का आहे ते त्यालाच समजावून सांगायला लावा. तो चुकीचं उत्तरसुद्धा तितक्याच ठाम आवाजात देतो, आमच्या गावच्या पारावरच्या काही लोकांसारखं. इंटरव्ह्यूत तो शेजारी बसणार नाही.

इंग्रजीचं काय करायचं? हे मला सगळ्यात जास्त पोरं दबक्या आवाजात विचारतात. घरी अहिराणी, शाळेत मराठी, कॉलेजात सरसुद्धा मराठीतच शिकवायचे आणि नोट्स तेवढ्या इंग्रजीत. मला पहिल्या सहा महिन्यांत मीटिंगमध्ये तोंड उघडायची भीती वाटायची. इंग्रजी स्पीकिंगचा क्लास लावला नाही, तीन गोष्टी केल्या. एक म्हणजे एरर मेसेज पूर्ण वाचायचा, शेवटच्या ओळीपासून वरती, न समजलेला शब्द वहीत. दुसरं, गिटमध्ये रोज काय केलं ते एका साध्या इंग्रजी वाक्यात लिहायचं. तिसरं, माझ्या प्रोजेक्टबद्दल तीन मिनिटं बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि स्वतः ऐकायचं, पहिल्यांदा ऐकवत नाही, विसाव्यांदा बरं वाटतं. डाटा म्हणा नाहीतर डेटा, कोणी नोकरी नाकारत नाही. काय केलंय तेच सांगता आलं नाही तर नाकारतात.

सगळ्यांनी कोडिंगच केलं पाहिजे असंही नाही. माझी चुलत बहीण पारोळ्याची, लग्नानंतर पोरगं लहान असताना घरून टेस्टिंग शिकली, आज चांगल्या कंपनीत आहे. ती लागली तिच्या बग रिपोर्टवर. लोक लिहितात बटण चालत नाही. ती लिहायची की अमुक मोबाइलवर, ॲपची अमुक आवृत्ती, लॉगिन केलं, रक्कम ५०० टाकली, बटण दोनदा पटकन दाबलं, अपेक्षा अशी की एकच पावती व्हावी, झाल्या दोन, पाचपैकी चार वेळा असं होतं, सोबत स्क्रीनशॉट. असा रिपोर्ट आला की डेव्हलपरचं अर्धं काम झालेलं असतं. सरावासाठी काय केलं तिने, रोज वापरतो ती ॲपं घेतली आणि मुद्दाम वाकडीतिकडी वापरली, सापडलेल्या चाळीस-पन्नास चुकांची अशी फाइल बनवली आणि तीच इंटरव्ह्यूला नेली. सपोर्ट आहे, डेटाचं काम आहे, सर्व्हर सांभाळणं आहे, आणि जळगावच्या एमआयडीसीत पाइपवाले, चटईवाले, डाळ मिलवाले आहेत ज्यांना टॅली आणि ईआरपी ही हिशोबाची, धंद्याची सॉफ्टवेअरं नीट सांभाळणारा माणूस पाहिजेच असतो. पगार पुण्याएवढा नसेल, पण घरी राहून वर्षभर अनुभव मिळतो, तो काही कमी नाही.

नोकरी कुठून मिळते, तर दारं बरीच आहेत आणि आपल्या पोरांना त्यातलं एकच माहीत असतं, कॅम्पस. आपल्या तालुक्याच्या कॉलेजात कंपन्या फारशा येत नाहीत, आल्या तरी मोठं रिक्रूटमेंट असतं जळगाव, धुळे, शिरपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत. मग टीसीएसची एनक्यूटी परीक्षा कोणीही पात्र पोरगा स्वतः देऊ शकतो. बीएस्सी, बीसीएवाल्यांसाठी विप्रोचा विल्प म्हणून कार्यक्रम आहे, नोकरी करता करता एमटेक होतं. बारावीनंतर लगेच कमवायची गरज असेल तर एचसीएलचं टेकबी आहे. सरकारच्या नॅट्स पोर्टलवर डिप्लोमा आणि डिग्रीवाल्यांना एक वर्षाची अप्रेंटिसशिप मिळते, स्टायपेंडसकट. या सगळ्यात अटी असतात, किती वर्षं थांबायचं, किती टक्के पाहिजेत, मधेच सोडलं तर किती भरायचे, ते त्यांच्या अधिकृत साइटवर त्या वर्षीचं वाचूनच सही करा, माझ्या किंवा कोणाच्याच तोंडी सांगण्यावर नको. एमसीए करायचं असेल तर आपल्या उमविच्या, म्हणजे जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या, कॅम्पसवरच कॉम्प्युटर सायन्सचा विभाग आहे, त्यासाठी पुण्याला पळायची गरज नाही.

परीक्षांसाठी ॲप्टिट्यूड लागतं, ते दोन महिने रोज एक तास केलं की होतं, वेग-अंतर, टक्केवारी, नफा-तोटा. नफा-तोटा आपल्या पोरांना शिकवायची गरज नसते. कोडिंगचे प्रश्न ॲरे, स्ट्रिंग, डिक्शनरी एवढ्यावर आधी पक्के करा, बाकी ट्री आणि ग्राफ नंतर.

रेझ्युमे एक पानाचा. छंद, वडिलांचं नाव, प्रतिज्ञापत्र हे सगळं काढा. वर प्रोजेक्ट लिहा, कोण वापरतं, किती खाती, काय बिघडलं आणि कसं दुरुस्त केलं. आणि ज्यांच्या ओळखीचा कोणी आधीपासून कंपनीत आहे त्याला नुसतं "भाऊ जॉब बघा ना" असं लिहू नका, त्या कंपनीच्या साइटवरची जागा शोधा, तिचा जॉब नंबर आणि रेझ्युमे एकदम पाठवा. मला रोज असे मेसेज येतात, जो नंबर पाठवतो त्याचं मी दोन मिनिटांत करून टाकतो, जो नुसतं जॉब बघा म्हणतो त्याचं राहून जातं. वाईट वाटतं पण राहून जातं.

आता फसवणुकीचं, कारण यात मी स्वतः ३५ हजार घालवलेत, कापसाचे. बीएस्सी झाल्यावर पुण्यातला एक क्लास लावला, नाव घेत नाही, १०० टक्के प्लेसमेंट असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. चार महिने बरं शिकवलं म्हणजे ठीकठाक. मग एके दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की रेझ्युमेवर दोन वर्षांचा अनुभव टाकायचा, कंपनीचं लेटर आम्ही देतो, वरचे वेगळे पैसे. माझ्या बॅचच्या काहींनी टाकला. मी नाही टाकला, त्यात माझा मोठेपणा नव्हता, भीती वाटली एवढंच. पुढे त्यातल्या एकाला रुजू झाल्यावर तीन महिन्यांनी काढलं. कंपन्या मागची चौकशी करतात, जुन्या नोकरीचा पीएफ भरला गेलाय का ते यूएएनच्या, म्हणजे पीएफच्या नंबरच्या, नोंदीत दिसतं, कागदाचं लेटर कोणीही छापतं पण दोन वर्षांचा पीएफ कुठून आणणार?

तेव्हा साधे नियम. नोकरीसाठी, ट्रेनिंगसाठी, लॅपटॉपच्या डिपॉझिटसाठी कोणी आधी पैसे मागितले तर फोन ठेवून द्या. मूळ मार्कशीट कोणाकडे ठेवायला देऊ नका, दाखवायची आणि परत पिशवीत. ऑफर लेटर कंपनीच्या स्वतःच्या ईमेलवरूनच आलेलं पाहिजे. बाँडवर सही करायच्या आधी घरातल्या कोणाला तरी वाचायला द्या, रक्कम आणि मुदत मोठ्याने वाचून घ्या.

ऑफरवरचा आकडा बघून पेढे वाटू नका लगेच. ३ लाख ६० हजारांचं पॅकेज म्हणजे महिन्याला ३० हजार हातात असं आमच्या वडिलांनी गावभर सांगितलं होतं. समजा त्यात बेसिक १५ हजार आहे. तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० त्या पॅकेजमध्येच धरलेला असतो, तुमच्या वाट्याचा १,८०० कापला जातो, ग्रॅच्युइटी म्हणून बेसिकच्या ४.८१ टक्के म्हणजे ७२१ च्या आसपास बाजूला, प्रोफेशनल टॅक्स २०० आणि फेब्रुवारीत ३००. राहिले साधारण साडेपंचवीस हजार, आणि पॅकेजमध्ये व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) किंवा विमा असेल तर आणखी कमी. पीएफ तुमचाच असतो, बुडत नाही, पण पुण्यात भाडं पीएफमधून देता येत नाही ना.

पुण्याला जाणाऱ्यांसाठी एवढंच, पहिल्या दोन महिन्यांचे पैसे घरून घेऊन जा कारण पहिला पगार येईपर्यंत डिपॉझिट आणि मेस दोन्ही भरायचं असतं, आणि खोली ऑफिस कुठे आहे ते कळल्यावरच घ्या. मी आधी कोथरूडला कॉट बेसिसवर राहिलो, मित्र होते म्हणून, आणि ऑफिस निघालं हिंजवडीत. रोज जाऊन-येऊन तीन तास बसमध्ये उभा. जळगावहून महाराष्ट्र एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन दिवाळी-आखाजीला मिळत नाही, ते तारीख उघडेल त्या दिवशीच करायचं. डब्यात कळण्याचं पीठ आणि लसणाची चटणी घ्या, पहिल्या महिन्यात मेसची भाजी खाऊन रडू येतं.

रुजू झाल्यावर पहिले सहा महिने कोणी तुमच्याकडून चमत्काराची अपेक्षा करत नाही, पण विचारायची लाज सोडा. अर्धा तास स्वतः झगडा, काय काय करून बघितलं ते लिहून काढा, मग ते लिहिलेलं घेऊनच सीनियरकडे जा. माझ्या पहिल्या लीडने मला सांगितलं होतं की तू लिहून आणतोस म्हणून मी तुला हाकलत नाही. आणि गंमत म्हणजे लिहिता लिहिताच निम्म्या वेळा उत्तर सापडतं.

तर ती तिघं आखाजीला आली होती, त्यातल्या डिप्लोमावाल्याला मी गावच्या दूध डेअरीवर पाठवलं. फॅट आणि लिटरवरून भाव काढायचा तक्ता ते अजून हाताने बघतात. बीसीएवाली म्हणाली माझ्या वडिलांचंच पाइपलाइन आणि मोटारीचं दुकान आहे, तिला जास्त काही सांगावं लागलं नाही. आर्ट्सवाल्याचं अजून ठरत नाहीये, त्याला म्हटलं आधी टायपिंग कर आणि त्या बहिणीचा नंबर घे.

मामाचं सॉफ्टवेअर अजून चालू आहे. त्याच दिवशी संध्याकाळी दुकानात गेलो तर मामाने स्क्रीन माझ्याकडे फिरवली, म्हणाला उधारी बाकी असलेल्यांची यादी नावाप्रमाणे येते, मला गावाप्रमाणे पाहिजे, वसुलीला मोटरसायकलवर निघालो की एका फेरीत एका रस्त्यावरची सगळी गावं झाली पाहिजेत. गावाप्रमाणे लावणं एका ओळीचं काम आहे. रस्त्याप्रमाणे लावणं नाही. लॅपटॉप गाडीतच होता, तो आणायला गेलो.